नगर, परांडा, विजयपूर: रूमी खानाच्या तोफेमागून

विजयपूरला, म्हणजे जुन्या विजापूरला, जाणारे बहुतेक जण गोलघुमट बघतात, वेळ उरला तर मलिक-ए-मैदान तोफेपाशी फोटो काढतात आणि निघतात. आम्ही दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली, तोफ जिथे ओतली त्या अहमदनगरपासून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरपासून. जमलं तर तुम्हीही याच क्रमाने जा. तोफेपुढे उभं राहाल तेव्हा ती घडवणारा माणूस कोण हे ठाऊक असेल.

मुहम्मद बिन हसन रूमी, म्हणजेच रूमी खान, हा पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या पदरचा तुर्की सरदार. उस्मानी (ऑटोमन तुर्की) मुलखातले तोफा ओतणारे जाणकार तेव्हा दख्खनच्या सुलतानांना हवेच असत, आणि त्यांना खानाचा किताब, दरबारात मानही मिळे. नगरमधली मक्का मशीद रूमी खानाच्याच नावाने ओळखली जाते. नगरचा भुईकोट लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र जवळ असू द्या.

पुढचा मुक्काम परांडा. रेल्वेने येणाऱ्यांना कुर्डुवाडी सोयीचं. १६०० मध्ये नगर मोगलांनी घेतल्यावर निजामशाहीची गादी काही काळ परांड्यात होती. किल्ला भुईकोट असल्यामुळे चढ नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सहज फिरता येतं. खंदक, दुहेरी तटबंदी आणि बुरुजाबुरुजावर अजून टिकून असलेल्या तोफा! इतक्या देखण्या पंचधातूच्या तोफा एकाच किल्ल्यात फार कमी ठिकाणी दिसतील. याला अर्धा दिवस द्याच. आत खाण्यापिण्याचं काही मिळेल या भरवशावर राहू नका, आणि बुरुजांवर गवत माजलेलं असतं तेव्हा बूट हवेतच.

मलिक-ए-मैदान याच परांड्यात होती. १६३२ मध्ये आदिलशाहीच्या मुरार पंडितांनी ती विजापूरला नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली, असं सांगतात. तिची जोडीदार ‘कडक बिजली’ वाटेत नदीत बुडाली, अशीही आठवण लोक सांगतात. सोलापूरहून विजयपूर साधारण १०० किलोमीटर, वाटेत भीमा ओलांडावी लागते. पुलावरून पात्र बघितलं की त्या बैलांच्या हालांची कल्पना येते.

विजयपूरच्या पश्चिम तटावर शेर्झा बुरूज आहे. सकाळी लवकर जा, वर सावली नाही. तोफेची लांबी सुमारे ४.४५ मीटर, वजन ५५ टनांच्या आसपास, नळीचं तोंड जवळपास ७० सेंटीमीटर रुंद. तोंडाशी सिंहाचा जबडा आहे आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडला जातोय. घाई न करता बघा, कोरीवकाम अप्रतिम आहे. धातूत सुमारे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. तोफांच्या काशात कथील साधारण याच्या निम्मंच असतं, एवढं कथील घंटेच्या धातूत घालतात. म्हणूनच ती वाजवली की घुमते, असं सगळे सांगतात. तुम्ही मात्र दगडाने ठोकून बघू नका, कोणी ठोकत असेल तर त्यालाही थांबवा.

पाठीवरचे लेख नक्की शोधा. हिजरी ९५६, म्हणजे १५४९ सालच्या लेखात रूमीचं नाव आहे. पुढे १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने आपलाही लेख त्यावर कोरवला. फारसी येणारं कोणी सोबत असेल तर सोनं. नसेल तर लेखांचं भाषांतर आधीच छापून न्या.

जवळच उपली बुरूज आहे, सुमारे २४ मीटर उंच, बाहेरून गोल जिना. जिन्यावर लहान मुलांचा हात सोडू नका. वरची लांब तोफ ९ मीटरांहून मोठी आहे आणि ती ओतलेली नाही, लोखंडी पट्ट्यांवर कड्या चढवून घडवलेली आहे. मलिक-ए-मैदान बघून लगेच इथे या, दोन कारागिऱ्यांतला फरक एका तासात कळतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये दुपारी दगड इतके तापतात की बुरुजावर थांबवत नाही.