हॉटफिक्स खडे: जॉर्जेट, मखमल आन् आईची हिमरू शाल

मागच्या महिन्यात सुती ब्लाउजच्या बाह्यांवर खडे पटापट बसले म्हणून मी लई हवेत होते, आता काय कशावरबी लावीन असं झालं होतं. भाचीच्या जॉर्जेटच्या ओढणीनं दोन दिवसांत खाली आणलं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, हॉटफिक्स म्हणजे गरम करून चिकटवायचे खडे, पाठीला गोंद असतोच, विजेवर तापणारं पेन मिळतं, ते तापलं की टोकात खडा उचलायचा, गोंद चकाकायला लागून बुडबुडे दिसले की कापडावर टेकवायचा. मी एसएस (खड्याच्या साइजचा नंबर) १० (२.८ मिमीच्या आसपास) आन् एसएस १६ (साधारण ४ मिमी) एवढेच वापरायलेय. पेनची टिप त्याच साइजची पाहिजे, नाहीतर खडा आत अडकून बसतो, मग फटीतून सुई घालून काढायचा, बोट घालू नका, मी घातलंय.

तर ओढणी. पेननं एकेक लावायचा कंटाळा आला म्हणून सगळे खडे मांडून वरून इस्त्री फिरवली. खडे बसले, पण गोंद विणीतून खाली उतरून ओढणी चादरीला चिकटली, आन् एका कोपऱ्यात कापड आक्रसलं ते वेगळंच. मग खाली बटर पेपर घातला, इस्त्री बारीक केली, वाफ बंद. तरी घाई नडली, गरम असतानाच कागद ओढला तर अकरा खडे कागदासोबत आले. थंड होऊ दिल्यावर नीट सुटला. मग पेननं लावताना मधेच लाइट गेली, पेन थंड होत चाललेलं तरी मी रेटत राहिले, त्या रांगेतले खडे दुसऱ्या दिवशी नखानं निघाले. आमच्या परभणीत उन्हाळ्यात हे काम पहाटे उरकलेलं बरं.

मखमलीचं दुखणं वेगळं. खडा लवेच्या शेंड्यावरच बसतो, गोंद बुडाला पोचतच नाही. आन् वरून इस्त्री ठेवली की लव बसून जाते, डाग दिसतो. आता पेन जरा दाबून पाच-सहा सेकंद जास्त धरते, मग कापड जाड टॉवेलवर पालथं घालून मागून हलकी इस्त्री. तुकड्यावर तीस लावले होते, एक दिवस थांबून उलटं करून हातानं धुतलं, सत्तावीस राहिले. माझ्यासाठी लई झालं.

आई म्हणे, माझ्या हिमरूच्या शालीवरबी लाव की. संभाजीनगरहून आणलेली, सूत न् रेशमाची, नक्षी विणीतच भरलेली, तिच्यावर खडे म्हणजे धपाट्यावर जॅम. नाही म्हणलं, रुसली, मग तिच्या रुमालाला किनारीला दहा लावून दिले.

पुढं नेटचा घागरा करायचाय. छिद्रं मोठी असली की खालून गोंदाला धरायला काही नसतं, तिथं मागून छोटा तुकडा लावता का तुम्ही? कुणी केलं असंल तर सांगा.