परस्पर संमतीचा घटस्फोट आणि वाया गेलेल्या तीन तारखा

परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचे आम्ही ठरवले, तेव्हा वेगळे राहू लागून आम्हाला दोन वर्षे होऊन गेली होती. मूल नव्हते, स्त्रीधन परत मिळाले होते आणि पोटगीचा प्रश्न आम्ही आपसांत मिटवला होता. तरीही दोघांचा मिळून खर्च ४४,००० रुपयांच्या आसपास गेला. त्यातले न्यायालयाला भरलेले पैसे अगदी किरकोळ होते; घटस्फोटाच्या प्रकरणात महिलांना न्यायालयीन शुल्क महाराष्ट्रात १९९४ च्या अधिसूचनेने माफच आहे. पैसा गेला तो वकिलांच्या फीमध्ये आणि तारखांमध्ये.

वाद उरला नव्हता म्हणून आम्ही दोघांनी मिळून एकच वकील केले आणि ३०,००० रुपये ठरवले. हे पैसे ‘सगळ्या कामाचे’ आहेत असे मी धरून चालले होते. प्रत्येक तारखेचे २,५०० रुपये वेगळे द्यावे लागतील, हे पहिल्या तारखेनंतर कळले. फी ठरवताना ती कोणत्या टप्प्यापर्यंतची आहे आणि नुसती पुढची तारीख पडली तर पैसे द्यायचे की नाहीत, हे लिहून घ्या. मी घेतले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

याचिका दाखल होणे, पहिली मोशन (म्हणजे घटस्फोटासाठी दोघांनी मिळून न्यायालयापुढे केलेली पहिली विनंती), समुपदेशकांसमोरची बैठक, हे सारे सुरळीत झाले. समुपदेशक बाईंनी आम्हाला एकत्र आणि वेगवेगळे बसवून शांतपणे विचारले आणि समेट शक्य नाही असा अहवाल देत असल्याचे सांगितले. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब प्रमाणे याचिका दाखल झाल्यापासून सहा महिने थांबावे लागते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या प्रकरणात हा काळ माफ करता येतो असे सांगितले आहे. याचिकेपूर्वीच दीड वर्ष वेगळे राहून झालेले असावे, समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरलेले असावेत, पोटगी आणि मुलांचा ताबा यांसारखे प्रश्न खरोखर मिटलेले असावेत आणि थांबण्याने केवळ यातना वाढणार असाव्यात, अशा त्याच्या अटी आहेत. आम्ही त्या पूर्ण करत होतो. पहिल्या मोशननंतर आठवड्याने माफीचा अर्ज देता येतो, त्याप्रमाणे आम्ही तो दिला.

आणि तिथेच सगळे अडले. अर्जाच्या पहिल्या तारखेला पुकारा झाला, आम्ही उभे राहिलो आणि समुपदेशकांचा अहवाल फाइलमध्ये नाही म्हणून तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. दुसऱ्या तारखेला तेच झाले. तिसऱ्या तारखेलाही तेच. दर वेळी माझे पती नागपूरहून रात्रीच्या बसने, रजा टाकून येत होते. दर वेळी वकिलांचे सहायक दोन मिनिटे उभे राहून तारीख घेत होते आणि २,५०० रुपये द्यावे लागत होते. अहवाल कुठे आहे असे मी कार्यालयात विचारले, तर ‘आला की लागेल’ एवढेच उत्तर मिळाले. ज्या सहा महिन्यांतून सुटण्यासाठी आम्ही धडपडत होतो, त्यांतले दोन महिने एका कागदाच्या शोधात चालले होते. साडेसात हजार रुपयांपेक्षाही, आपल्या आयुष्याचा निर्णय कुणाच्या तरी टेबलावर पडून आहे ही भावना मला असह्य झाली होती.

शेवटी तारीख नसलेल्या दिवशी मी एकटीच प्रकरण क्रमांक घेऊन समुपदेशन विभागात गेले. तिथल्या बाईंनी जावक नोंदवही उघडली. अहवाल पहिल्या तारखेच्या आधीच पाठवला होता. जावक क्रमांक आणि दिनांक दोन्ही लिहिलेले होते. तो क्रमांक लिहून मी एक पानी अर्ज कार्यालयात दिला आणि माझ्या प्रतीवर पोच घेतली. दोन दिवसांनी अहवाल सापडला. जवळच्याच क्रमांकाच्या दुसऱ्या फाइलला तो जोडला गेला होता. पुढच्या तारखेला मुदत माफ झाली, त्याच दिवशी जबाब नोंदवले गेले आणि हुकूमनामा झाला. त्या दिवशी न्यायालयाच्या पायऱ्यांवर मी बराच वेळ बसून राहिले.

म्हणून सांगते, प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक स्वतःजवळ ठेवा आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख व तिचे कारण स्वतः पाहत जा. तारीख पडण्याचे कारण एखादा कागद असेल, तर त्याचा जावक क्रमांक मागा. कौटुंबिक न्यायालयात पक्षकाराला स्वतः बाजू मांडता येते. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील लावणे हा पक्षकाराचा हक्क नसतो, न्यायालयाला गरज वाटली तर ते कायदेतज्ज्ञाची मदत घेते. मात्र ताबा किंवा पोटगी यांवर मतभेद असतील तर दोघांत एकच वकील करण्याची काटकसर करू नका.

एक गोष्ट मला तिसऱ्या तारखेला आवारातल्या फलकावरून कळली. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो आणि १५१०० या क्रमांकावर माहितीही मिळते. हे आधी कळले असते तर मी सर्वांत आधी तिथेच गेले असते.

शपथपत्रांसाठी आमच्याकडून मुद्रांक कागदाचे पैसे घेतले गेले, तेही आठवले. न्यायालयात दाखल करायच्या शपथपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क लागत नाही, तेव्हा असे पैसे मागितले तर कारण विचारा. हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकला मात्र एकाच अर्जात दोन-तीन मागून घ्या. मी एकच घेतली होती, आणि पारपत्रावरचे नाव बदलण्याच्या वेळी मला नक्कल विभागात पुन्हा अर्ज करून थांबावे लागले.