तुम्ही विचारलंत म्हणून: सॉफ्टवेअर कुठलं, आणि निनोंग किती

साताऱ्याहून फोन आला की ख्यालीखुशाली झाल्यावर तिसरा-चौथा प्रश्न हमखास हाच असतो: "पोराला डिझाइनचं काहीतरी शिकवायचंय. कोरल लावू, फोटोशॉप लावू, की ते कॅनव्हा? तू दुबईत प्रेसमध्येच आहेस, तूच सांग." हल्ली त्याला एक शेपूटही असतं: "आणि तिकडं सगळे डिझायनर फिलिपिनोच असतात म्हणे. मग आपल्या पोरांचं काय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांचं आहे, ते आधी उरकते. महाराष्ट्रात राहून फ्लेक्स, लग्नपत्रिका, बिलबुकं हाच धंदा करायचा असेल तर कोरलड्रॉ. १९८९ साली आलेलं हे कॅनडाचं सॉफ्टवेअर आपल्या डीटीपीवाल्यांच्या हाडीमाशी इतकं भिनलंय की तालुक्याच्या गावातला छपाईवाला आजही फाइल मागताना "सीडीआर पाठवा" एवढंच म्हणतो. बाहेर पडायचं असेल तर इलस्ट्रेटर आणि फोटोशॉप, आणि पानंच्या पानं लावायची असतील तर इनडिझाइन. कॅनव्हासाठी क्लासची फी भरू नका, ते पोराला आधीच येत असतं. २०१३ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या या कंपनीचं ऑफिस मनिलातही आहे, आणि आमच्याकडे येणारं निम्मं फिलिपिनो गिऱ्हाईक डिझाइन कॅनव्हात करूनच आणतं. "फक्त प्रिंट काढा, मॅम," म्हणतं. फाइल उघडावी तर व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला स्क्रीनशॉट!

झालं उत्तर. पण हे ऐकून फोन ठेवणाऱ्यांना माझं पुढचं म्हणणं कधी ऐकायलाच मिळत नाही. कीबोर्डवरचे शॉर्टकट मी साताऱ्यात शिकले, पण डिझाइनचं काम म्हणजे नक्की काय असतं, ते दुबईच्या करामा भागातल्या आमच्या छोट्या प्रेसमध्ये फिलिपिनो लोकांच्या ऑर्डरी करताना कळलं. त्यातला अवघड भाग कुठल्याही मेनूमध्ये सापडत नाही. कोणाचं नाव कोणाच्या वर घ्यायचं, यासाठी कुठे बटण असतं का?

आमच्याकडचा मुख्य डिझायनर फिलिपिनो आहे. त्याला सगळे कुया म्हणतात, म्हणजे मोठा भाऊ. आमचा मल्याळी मालक त्याच्यापेक्षा वयानं मोठा, पण तोही कुयाच म्हणतो. मला ते आते म्हणतात, मोठी बहीण. गिऱ्हाईक दारातून आत आलं की अर्ध्या मिनिटात कोण कुया, कोण आते, कोणाला वाक्याच्या शेवटी आदराचा 'पो' लावायचा, हे ठरून जातं. भावाची घासाघीस त्यानंतर. नातं लागलं की ती थोडी बोथट होते, हे कुयाला पक्कं ठाऊक आहे.

लग्नपत्रिकेचंच घ्या. आपल्याकडे 'आमचे येथे श्रीकृपेकरून'पासून 'आपले विनीत'पर्यंतची उतरंड असते, तळाला 'आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी किलबिल असते, आणि चुलत्यांपैकी एकाचं नाव राहिलं की लग्नभर तोच विषय. मला वाटायचं, यापुढे काय असणार? मग पहिली फिलिपिनो पत्रिका समोर आली. नवरानवरीची नावं, आईबापांची नावं, आणि मग मुख्य साक्षीदारांचं अख्खं पान. डावीकडे निनोंग, उजवीकडे निनांग, म्हणजे लग्नातले धर्मपिता आणि धर्ममाता. फिलिपिन्सच्या १९८७ च्या कुटुंब कायद्याला दोन सज्ञान साक्षीदार पुरतात. लोकांना पुरत नाहीत. काका, मामी, पहिल्या नोकरीतला साहेब, गावचा मेयर, परदेशातून पैसे पाठवणारी मावशी, सगळे त्या यादीत. त्याखाली दुसरी फळी: मेणबत्ती पेटवणारी जोडी, दोघांच्या खांद्यांवर ओढणी टाकणारी जोडी, इंग्रजी आठाच्या आकाराची दोरी घालणारी जोडी. मग अंगठीवाला पोरगा, तेरा नाण्यांवाला पोरगा, बायबलवाला पोरगा, फुलं उधळणाऱ्या मुली. हे सगळं पाच बाय सातच्या कार्डावर, नाजूक गुलाबी वेलबुट्टीसकट.

एकदा अशाच एका यादीत निनांग निघाल्या तेरा आणि निनोंग बारा. उजवा रकाना एक ओळ लांब. मी म्हटलं, शेवटचं नाव मधोमध घेऊ. कुया म्हणाला, मधोमध घेतलं तर ती बाई एकटी पडल्यासारखी दिसते, पो. नावांची अदलाबदल करू म्हटलं तर त्या क्रमात मानपान होता. शेवटी त्यानं नवरीला फोन लावला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "अजून एक निनोंग मिळेल का?" दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या वेअरहाऊसमधल्या सुपरवायझरचं नाव आलं. रकाने जुळले. त्या माणसाला आपण कशामुळे धर्मपिता झालो हे बहुधा आजही माहीत नसेल. पुढे मूल झालं आणि बारशालाही त्यालाच निनोंग केलं, तर दर ख्रिसमसला पोराच्या हातावर काहीतरी ठेवणं आलं. डिसेंबर लागला की निनोंग मंडळी गायब होतात, हा तिकडचा ठेवणीतला विनोद आहे.

नावांचा आणखी एक जाच म्हणजे 'न्य'. स्पॅनिश अमलातून आलेली नावं, त्यामुळे कितीतरी आडनावांत, गावांच्या नावांत डोक्यावर लाट असलेला एन् येतो. नवरीनं फुकटातला जो झोकदार फॉण्ट निवडलेला असतो, त्यात नेमकं ते अक्षर नसतं, तिथे रिकामा चौकोन उमटतो. ज्यानं श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, सातारकरांच्या जाहिराती लावल्यात आणि 'ऱ्या' फुटलेला पाहिलाय त्याला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही. उपाय तोच गावठी: साधा एन् घ्यायचा, वर पेन टूलनं लाट काढायची, जाडी जुळवायची. आणि गाळायचं नाही! फिलिपिनो नावात मधलं नाव म्हणून आईचं माहेरचं आडनाव येतं, बहुतेक वेळा नुसतं आद्याक्षर. तेही गाळलेलं चालत नाही. आपल्याकडे मधे वडील किंवा नवरा बसलेला असतो. इथे आईचं माहेर बसलंय. मला हे फार आवडतं.

मुलगी अठरा वर्षांची झाली की तिचा मोठा सोहळा होतो. अठरा मुलगे एकेक गुलाब देऊन तिच्याबरोबर नाचतात, अठरा मैत्रिणी मेणबत्त्या घेऊन चार शब्द बोलतात. सगळ्यांची नावं कार्यक्रमपत्रिकेत. शेवटचा गुलाब मानाचा. तो बापाचा, नाहीतर त्या खास मुलाचा. आता अठराव्या वर्षीच्या खास मुलाचा भरवसा कोणी द्यावा? छपाईला पाठवताना फॉण्टचा घोळ नको म्हणून आम्ही सगळ्या अक्षरांचे कर्व्हज करून टाकतो, मग ती पुन्हा टाइप करून बदलता येत नाहीत. कुया सतरा नावांचे कर्व्हज करतो आणि अठरावं मशीन सुरू होईपर्यंत जिवंत ठेवतो. एकदा तर प्लेट चढायच्या तासभर आधी आईचा मेसेज आला: "शेवटचा गुलाब: पप्पा." कुया काही बोलला नाही, फाइलला नाव दिलं 'फायनल ना तलागा', म्हणजे आता खरंच फायनल. त्याआधीच्या तीन फायनल फोल्डरमध्ये पडलेल्याच होत्या.

आता टार्प. आपण ज्याला फ्लेक्स म्हणतो त्याला तिकडे टार्पोलिन म्हणतात, लाडानं टार्प. आपल्या चौकात भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, खाली शुभेच्छुकांची मुंडकी. तसे पुढाऱ्यांचे टार्प तिकडेही भरपूर. पण तिथे घराच्या फाटकावरही टार्प लागतो, आणि तो पोरगं पास झालं म्हणून. नर्सिंगची, शिक्षकाची, इंजिनिअरिंगची परवाना परीक्षा पास झाली की चार बाय सहा फुटांवर फोटो, अभिनंदन, आणि नावाआधी नवंकोरं 'इंजि.'. हातात लायसन्स पडण्याआधी बारांगायला, म्हणजे त्यांच्या वॉर्डाला, कळायला हवं ना.

अशीच एक बाई आली. इथे एका घरात मुलं सांभाळते. मुलगा सिव्हिल इंजिनिअर झाला, इलोइलोजवळच्या गावात घराच्या फाटकावर टार्प लावायचा. फाइल इथे करायची, छपाई तिकडे. मुलाचा फोटो होता, पांढऱ्या बारोंग शर्टातला, स्टुडिओत काढलेला. तिला त्यात त्याच्या शेजारी स्वतः हवी होती. सोबत आणलेला तिचा फोटो म्हणजे स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली युनिफॉर्मवर काढलेली सेल्फी. कुयानं ती बाजूला ठेवली. मुलाच्या फोटोत उजेड डावीकडून येतोय हे बघून तिला आमच्या खिडकीपाशी उभं केलं, खिडकी तिच्या डाव्या हाताला येईल अशी नाही, तर फोटोत उजेड डावीकडून पडेल अशी. ब्लाउज आमच्या काउंटरवरच्या मुलीचा घातला. तिला हात मुलाच्या खांद्यावर हवा होता, आणि हवेत धरलेला हात फोटोत हवेतलाच दिसतो. मग दुसऱ्या डिझायनरला स्टुलावर बसवलं, तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, फोटो निघाला. नंतर तो पठ्ठ्या मास्क करून उडवला आणि त्याच्या जागी तिचा मुलगा आणून बसवला. फोटोशॉपमधल्या रंग सुधारायच्या 'कर्व्हज'नी (हे अक्षरांचे कर्व्हज नव्हेत) तिच्या चेहऱ्यावरचा निळसरपणा काढला. बोटांखाली शर्टावर बारीकशी सावली मऊ ब्रशनं रंगवली, अगदी मंद. तिच्याशिवाय हात चिकटवल्यासारखा दिसतो. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये वाक्य लिहिलं की चित्र भरून देणारी सोय आली आहे. मागची बाग त्यानं तीच वापरून केली. हाताला मात्र मशीन लावू दिलं नाही. "ते बोटं वाढवतं," म्हणाला.

बाई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. आम्हाला वाटलं आता रडणार. तर म्हणाली, "कुया, मला जरा बारीक करता येईल का, पो?"

टार्पचं वेड किती, तर त्यावर त्यांच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. २०१३ च्या निवडणुकीत बाकोलोदच्या कॅथेड्रलच्या आवारात धर्मप्रांतानं सुमारे सहा बाय दहा फुटांचा टार्प लावला. कुटुंबनियोजनाच्या कायद्याला विरोध करणारे उमेदवार 'जीवनाच्या टीम'मध्ये, पाठिंबा देणारे 'मरणाच्या टीम'मध्ये. निवडणूक आयोग म्हणाला, मर्यादा दोन बाय तीन फुटांची आहे, काढा. २०१५ साली कोर्टानं धर्मप्रांताच्या बाजूनं कौल दिला: ते उमेदवार नाहीत, त्यांना मोठं लिहायचा हक्क आहे. त्या टार्पवरचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. पण आकार हाही बोलण्याचाच भाग आहे, हे डिझायनरला पटतंच. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयानं बेकायदा फलकांवरून पालिकांना किती वेळा झापलंय ते आठवा. न्यायाधीशांनासुद्धा डीटीपीवाल्यांपासून सुटका नाही.

बास्केटबॉलच्या जर्सींवर मी लिहायला बसले तर हे संपायचं नाही. एवढंच सांगते की पाठीवर टोपणनाव हवं असतं, आणि त्यात कमीपणा कोणालाच वाटत नाही. २०२२ च्या मतपत्रिकेवर आत्ताचे राष्ट्राध्यक्ष 'मार्कोस, बोंगबोंग' असेच छापलेले होते. आपल्याकडे ईव्हीएमवर 'बंड्या' आलेला चालेल का?

आता ते शेपूट: आपल्या पोरांचं काय. काम मिळतं, का नाही मिळणार? पण आपल्यात एक खोड आहे. गिऱ्हाइकानं आणलेलं डिझाइन बघून "हे बेकार दिसतंय" असं आपण तोंडावर सांगतो आणि वर त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणतो. कुया तेच डिझाइन बघतो, "छान आहे, मॅम" म्हणतो, डबा उघडलेला असेल तर "या जेवायला" म्हणतो, आणि मग हळूच, "हा रंग प्रिंटमध्ये थोडा झोपेल, पो, उठवू का?" गिऱ्हाईक खुशीत सगळं बदलून घेतं. याची दुसरी बाजूही आहे. त्याच्या 'हो'मधला नकार ओळखायला मला फार वेळ लागला. डेडलाइनला "ट्राय करतो, आते" आलं की मी हल्ली गिऱ्हाइकाला परस्पर दोन दिवस पुढची तारीख देते.

तेव्हा पोराला कुठल्याही क्लासला घाला. त्याआधी घरातल्याच एखाद्या लग्नाची पत्रिका त्याला करू द्या, आजी आणि सगळ्या काकवांना मागे बसवून. आणि लॅपटॉप घ्याल तो उजवीकडे आकड्यांचा वेगळा पॅड असलेला घ्या. लाटेचा एन् ऑल्ट दाबून ०२४१ मारल्यावर येतो, आणि त्याला वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत.