पांढऱ्या पेशी वाढल्यात, त्या कमी कशा करायच्या?

रिपोर्टचं पाकीट हातात पडलं की माणसं काउंटरपासून दोन पावलं लांब जातात, कागद उघडतात आणि लगेच परत येतात. एका ओळीवर बोट ठेवून विचारतात, "ताई, पांढऱ्या पेशी वाढल्यात. कमी करायला काय खायचं?" तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्ये मी एकवीस वर्षं रक्त तपासतेय, आणि हा प्रश्न ऐकला नाही असा आठवडा जात नाही. मागं रांग असते, त्यामुळं "डॉक्टरांना दाखवा" एवढंच बोलून मी पुढचं पाकीट उचलते. गेल्या आठवड्यात मात्र एक आजोबा हलेचनात. पायाला जखम होती, काउंट अठरा हजार. म्हणाले, "डॉक्टरांना दाखवणारच आहे गं पोरी. पण त्या पेशी तिथं करतात काय, एवढं तर सांगशील?" आजोबा, तुम्ही विचारलंत म्हणून आज सवडीनं सांगते.

आधी त्या दिसतात कशा, ते. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, दुसऱ्या पट्टीच्या कडेनं तो पातळ ओढायचा, वाळला की त्यावर लिशमनचा रंग घालायचा, थोड्या वेळानं बफर म्हणजे रंग नीट बसवणारं द्रावण, आणि आठ-दहा मिनिटांनी धुऊन टाकायचं. मग तेलाचा थेंब टाकून शंभराच्या भिंगाखाली बघायचं. सगळीकडं गुलाबी तांबड्या पेशी पसरलेल्या, आणि सहाशे-सातशे तांबड्यांमागं एखादी पांढरी. मोठ्या माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या निम्म्याहून जास्त एकाच जातीच्या, न्यूट्रोफिल. तांबड्या पेशीच्या जवळजवळ दुप्पट आकाराची, आत बारीक रवाळ दाणे, आणि जांभळं केंद्रक तीन-चार गाठींचं, गाठी बारीक दोऱ्यानं जोडलेल्या. अशा विभागलेल्या केंद्रकामुळं ती पेशी अरुंद फटीतूनही अंग काढून घेऊ शकते. हाडांच्या मगजात या पेशी दिवसाला सुमारे दहा हजार कोटी तयार होतात. तांबडी पेशी १२० दिवस जगते, न्यूट्रोफिल मात्र काही तास, फार तर काही दिवस. तुमचा रिपोर्ट अठरा हजार म्हणतोय तो प्रामुख्यानं यांच्याबद्दल.

आता तुमच्या पायात जंतू शिरला हे त्यांना कळतं कसं? जीवशास्त्रातलं मला सगळ्यात आवडणारं उत्तर हेच आहे. बोलण्यावरून जसं माणसाचं गाव ओळखतात, तसंच इथं होतं. जिवाणू आपली प्रथिनं बांधायला घेतात ती एका खास अमिनो आम्लापासून, त्यावर फॉर्मिल नावाचा एक चिमुकला गट चिकटलेला असतो. आपल्या पेशींच्या नेहमीच्या प्रथिनांवर तो नसतो. जिवाणूंकडून असे तुकडे आसपास सांडत राहतात आणि न्यूट्रोफिल त्या वासावर निघते, जिकडं तो दाट होत जाईल तिकडं. काही जिवाणूंच्या बाहेरच्या वेष्टणातली चरबी, काहींच्या शेपटीतलं प्रथिन, विषाणूंचा दुपेडी आरएनए, या सगळ्याच खुणा आपल्या पेशींना जन्मतः ओळखता येतात. त्यासाठी आधी तो आजार होऊन गेलेला असावा लागत नाही की लस घेतलेली लागत नाही. या ओळखीचा पत्ता लागला तो फळमाशीत. १९९६ मध्ये झूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की टोल नावाचं जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीला तोंड देऊ शकत नाहीत, मरतात. दोन वर्षांनी ब्रूस ब्यूटलर यांना तसाच ग्राही, म्हणजे खूण ओळखणारं प्रथिन, उंदरात सापडला. २०११ च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता.

यात एक गोष्ट रिपोर्ट वाचताना उपयोगाची आहे. आपल्याच पेशींतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग, फार फार पूर्वी जिवाणूच होती, त्यामुळं तिच्या प्रथिनांवरही तोच फॉर्मिल गट असतो. पेशी भाजल्या, चिरडल्या, हृदयाच्या झटक्यात मेल्या, की ती फुटते आणि न्यूट्रोफिलना तीच हाक जाते. म्हणून ऑपरेशननंतर, अपघातानंतर, जंतुसंसर्ग नसतानाही काउंट चढलेला दिसतो.

रक्त वेगानं वाहत असतं. त्यातून नेमक्या जागी उतरायचं कसं? जखमेजवळच्या रक्तवाहिनीची आतली भिंत चिकट होते. न्यूट्रोफिल तिला हलकेच धरते, सुटते, पुन्हा धरते, घरंगळत घरंगळत तिचा वेग कमी होतो. मग ती घट्ट चिकटते, चपटी होते आणि दोन पेशींच्या सांध्यातून बाहेर निसटते. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी सूक्ष्मदर्शकातून एक छोटं चित्रण केलं होतं. त्यात एक न्यूट्रोफिल तांबड्या पेशींना बाजूला सारत एका जिवाणूच्या मागं लागते, तो वळला की तीही वळते, आणि शेवटी त्याला गिळते. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. एवढी वर्षं मी रंगवलेल्या, वाळलेल्या, मेलेल्या पेशीच मोजत आले होते.

पोहोचल्यावर ती पेशी जंतूभोवती स्वतःचं अंग दोन्ही बाजूंनी पुढं करते आणि त्याला पोटात घेते. काही जंतूंचं कवच निसरडं असतं, न्यूमोनियाच्या जंतूचं तर फारच. अशा वेळी रक्तातली पूरक प्रथिनं आणि प्रतिपिंडं त्याच्या अंगावर चिकटतात, आणि मग पेशीला पकड मिळते. लसीचा एक मोठा फायदा इथंच होतो. आत घेतलेल्या जंतूभोवती एक पिशवी तयार होते, ते रवाळ दाणे तिच्यात रिते होतात, आणि पेशी भराभर ऑक्सिजन ओढून त्यापासून दाहक रसायनं बनवते. त्यातलं एक तुमच्या ओळखीचं आहे. ग्रामपंचायतीचा माणूस पावसाळ्यात विहिरीत टीसीएल पावडर टाकतो ना, ती पाण्यात विरघळल्यावर जे हायपोक्लोरस आम्ल तयार होतं, तेच ही पेशी पोटातल्या त्या इवल्याशा पिशवीत बनवते. ते बनवणारं विकर हिरवट रंगाचं असतं. कफाला आणि पुवाला हिरवट झाक येते ती या विकरामुळं. म्हणून कफ हिरवा झाला की लगेच अँटिबायोटिक मागू नका; तो रंग आपल्याच पेशींचा आहे, आणि विषाणूच्या सर्दीतही येतो.

हे काम करता करता न्यूट्रोफिल मरते. २००४ मध्ये बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की काही तर मरताना स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात, आणि जंतू त्यात अडकतात. मागून मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पेशी येतात आणि मेलेल्यांना पोटात घेऊन जागा साफ करतात. जिथं मेलेल्या पेशींचा ढीग साफसफाईपेक्षा मोठा होतो, तिथं पू धरतो. लहानपणी पायात बाभळीचा काटा मोडला की आजी रुईचा चीक लावायची आणि म्हणायची, पिकू दे, म्हणजे काटा वर येईल.

काट्यावरूनच या सगळ्याचा शोध लागला, हे तिला ठाऊक असतं तर तिला फार आनंद झाला असता. १८८२ सालची गोष्ट. रशियन प्राणिशास्त्रज्ञ एली मेचनिकोव्ह तेव्हा सिसिलीतल्या मेसिना शहरात राहत होते. घरचे सगळे सर्कशीला गेले होते आणि ते एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसून तारामाशाच्या पारदर्शक अळीत फिरणाऱ्या पेशी बघत होते. या पेशी बाहेरून शिरलेल्या गोष्टीशी झुंजत असतील का, असं त्यांच्या मनात आलं. अंगणातून गुलाबाचे काटे आणून त्यांनी अळ्यांच्या त्वचेखाली रुतवले. रात्रभर त्यांना झोप नव्हती. पहाटे पाहिलं तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. तोवर बऱ्याच जणांना वाटायचं की पांढऱ्या पेशी जंतूंना अंगभर नेऊन पोहोचवतात. मेचनिकोव्हना १९०८ मध्ये पॉल एर्लिख यांच्यासोबत नोबेल मिळालं. ओदेसात त्यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी पुढं आपल्या मुंबईत आला. प्लेग पेटला असताना ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या लहानशा जागेत त्यानं लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. तो वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला त्याचंच नाव आहे.

परळचाच आणखी एक धागा. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगटाची, म्हणजे ए-बी-ओ गटांचा पाया असलेली खूणच तांबड्या पेशींवर नसलेल्या दुर्मीळ गटाची, नोंद केली. बॉम्बे गटाच्या माणसांची प्रतिकारशक्ती अगदी इतरांसारखीच असते. पण अतिशय क्वचित काही बाळं अशा दोषासह जन्मतात की ती खूण बनायला लागणारी फ्यूकोज नावाची साखर त्यांच्या पेशींवर चढतच नाही. त्यांचा रक्तगट बॉम्बे लागतो, आणि त्यांच्या न्यूट्रोफिलना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरता येत नाही. पेशी रक्तात फिरत राहतात, काउंट भरमसाट चढतो, जखम लाल होते, पण पू काही धरत नाही. आजोबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला या बाळांच्या रक्तात दिसतं. रिपोर्टवरचा आकडा वाटेत असलेल्या पेशींचा असतो. त्या कुठं निघाल्यात आणि तिथं पोहोचताहेत का, हे आकडा सांगत नाही.

तेव्हा कमी करायला काय खायचं, तर काही नाही. त्यांना ज्यानं बोलावलंय ते शोधायचं. तुमच्या बाबतीत ती जखम आहे. ती उघडून धुतली, रक्तातली साखर वाढलेली असेल तर तीही आटोक्यात आली की काउंट आपोआप उतरेल. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, बाई गरोदर असेल, कुणी धावत जिना चढून रक्त द्यायला आला असेल, तरी आकडा वर जातो. बऱ्याच न्यूट्रोफिल एरवी रक्तवाहिन्यांच्या कडेला टेकून असतात, आणि धावपळीनं किंवा स्टेरॉइडनं त्या सुटून प्रवाहात येतात. उलट डेंग्यूत पेशी घटतात, टायफॉइडमध्ये बऱ्याचदा वाढतच नाहीत. क्षयाच्या जंतूची तर तऱ्हाच वेगळी: मॅक्रोफेज त्याला गिळते, पण त्याची पिशवी पाचक रसाच्या पिशव्यांशी जुळू न देता तो तिच्याच पोटात राहतो. आणि आकडा लाखाच्या घरात गेला, किंवा भिंगाखाली कोवळ्या, ओळखीच्या नसलेल्या पेशी दिसल्या, तर गोष्ट निराळी. तो हाडांच्या मगजाचाच आजार असू शकतो. तेव्हा आम्ही रिपोर्टवर खाली टीप लिहितो आणि डॉक्टरांना फोनही करतो.

मला भीती वाटते ती मात्र कमी आकड्याची. २०१९ मध्ये आईची केमोथेरपी चालू होती. दुसऱ्या फेरीनंतर दहाव्या दिवशी तिला ताप भरला. काउंट सहाशे. मगजातल्या भराभर वाढणाऱ्या पेशी औषधानं कॅन्सरच्या पेशींबरोबर मारल्या होत्या. तासाभरात तिला शिरेतून अँटिबायोटिक लावलं, आणि पेशी वाढवायची इंजेक्शनं सुरू झाली. तिच्या उजव्या दंडावर सुपारीएवढी जागा लाल होती, हात लावू देत नव्हती, पण तिथं ना फुगवटा ना तोंड. मी तिची स्लाइड लावली. एरवी शंभर पेशी मोजायला मला पाच मिनिटं लागतात. त्या दिवशी पूर्ण पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरले आणि चौदा लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचीच दुसरी जात, मिळाल्या. न्यूट्रोफिल एकही नाही.

रोज सकाळी स्लाइड. चौथ्या दिवशी मोनोसाइट, पांढऱ्या पेशींची आणखी एक जात, दिसायला लागल्या. त्या आधी येतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण आईच्या रक्तात बघताना हात थरथरत होता. सहाव्या दिवशी पट्टीच्या शेपटाकडं एक पेशी सापडली, केंद्रक घोड्याच्या नालेसारखं, अजून गाठी न पडलेलं. कोवळी न्यूट्रोफिल. मी भिंगावरून डोळा काढला, पुन्हा लावला. ती होती. दुसऱ्या दिवशी तशा अकरा होत्या आणि काउंट दोन हजारांवर.

त्याच संध्याकाळी आईनं दंड पुढं केला. लाल जागा वर आली होती, मध्ये पिवळा ठिपका. "पिकलं गं," ती म्हणाली, आणि मला रडू आलं तशी घाबरली. मी तिला समजावून सांगितलं. डॉक्टरांनी ते फोडून थोडा पू कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखायला, पाठवला, उरलेल्या थेंबाची पट्टी त्यांना विचारून मी करून घेतली. जंतू दाखवणारा ग्रॅमचा रंग दिला, तेल घातलं. न्यूट्रोफिलच न्यूट्रोफिल, एकमेकींवर पडलेल्या, काही फाटलेल्या. आणि कडेच्या एका पेशीच्या पोटात, गुलाबी गाठींच्या मध्ये, द्राक्षाच्या घडासारखे सहा जांभळे ठिपके.