खाली गेल्यावर वर कसे यायचे

आमच्या औसा तालुक्यात ‘सबमर्सिबल’ म्हटले की बोअरमधली मोटार, दुसरा अर्थ कुणाच्या मनात येत नाही. त्यामुळे समुद्राच्या तळाशी माणसे घेऊन जाणाऱ्या यानालाही हाच शब्द वापरतात हे प्रथम वाचले, तेव्हा मला २०१६ चा उन्हाळा आठवला. पाणी आटत चालल्याने मोटार आणखी खाली, साडेचारशे फुटांवर सोडायची होती. मी पाइप जोडायची घाई करत होतो आणि वडील म्हणाले, “आरं, खाली कुणीबी सोडतंय. आडकली तर वर कशी काढायची ते सांग आधी.” त्यांनी पाइप आणि केबलशिवाय नायलॉनचा एक वेगळा दोर मोटारीच्या गळ्याला बांधला. दोन महिन्यांनी मोटार खरोखरच गाळात रुतली आणि पाइप सांध्यातून निसटला. चेनपुली लावून त्या दोरानेच तीन तासांत ती वर आली. गाठ ताणाने इतकी आवळली होती की ती सुटेना, शेवटी विळ्याने कापावी लागली.

खोल समुद्रातील यानांविषयी जे काही मिळेल ते मी तेव्हापासून वाचतो आहे, आणि प्रत्येक यानाला पहिला प्रश्न वडिलांचाच विचारतो.

पाण्यात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. प्रशांत महासागरातील मारियाना गर्तेत ‘चॅलेंजर डीप’ हे पृथ्वीवरील सर्वांत खोल ठिकाण आहे. तिथली खोली जवळपास ११ किलोमीटर असल्याने एका चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर, सुमारे ११ क्विंटल भार पडतो. लातूरच्या आडतीवर सोयाबीनचे वीस कट्टे एकावर एक रचलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी ती सगळी थप्पी नखावर आणि तीही चहूबाजूंनी दाबते आहे असे समजावे.

२३ जानेवारी १९६० रोजी स्वित्झर्लंडचे जाक पिकार आणि अमेरिकी नौदलाचे डॉन वॉल्श ‘त्रिएस्ते’ यानातून तिथे पोहोचले. माणसांची जागा म्हणजे जेमतेम दोन मीटर व्यासाचा पोलादी गोळा होता आणि त्याची भिंत सुमारे १३ सेंटिमीटर जाड होती. आकार गोल ठेवण्याचे कारण असे की गोलावर दाब सगळीकडे सारखा वाटला जातो आणि कोणत्याही एका जागी ताण साचत नाही. पण एवढा जड गोळा पुन्हा वर कसा येणार? त्याचे उत्तर जाक यांचे वडील ऑग्यूस्त पिकार यांनी आधीच शोधले होते. ते १९३१ मध्ये फुग्यातून स्थितांबरात जाऊन आले होते, आणि तीच कल्पना त्यांनी पाण्यात उलटी वापरली. गोळ्याच्या वर एक भलीमोठी टाकी बसवली आणि तिच्यात सुमारे ८५ हजार लिटर पेट्रोल भरले. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते आणि हवेसारखे दाबाने चेपत नाही. खाली जाण्यासाठी लोखंडी छर्ऱ्यांचे वजन घेतले होते आणि ते छर्रे विद्युतचुंबकाने धरून ठेवले होते. यानातली वीज गेली असती तर चुंबकाची पकड सुटून छर्रे आपोआप गळून पडले असते आणि यान वर निघाले असते. बिघाड झाला तरी तो यानाला वरच आणील, अशी ती रचना होती. मला हा सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. उतरताना बाहेरच्या एका खिडकीला तडा गेला आणि यान हादरले, तरीही दोघे उतरत राहिले, तळाशी वीस मिनिटे थांबले आणि सुखरूप परतले.

चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरून २०१२ मध्ये तिथे एकटे गेले आणि अमेरिकी साहसवीर व्हिक्टर व्हेस्कोव्हो यांनी २०१९ पासून एकाच यानातून वारंवार बुड्या मारल्या. व्हेस्कोव्हो यांच्या यानातला माणसांचा कक्ष टायटॅनियमचा गोलच होता. याउलट जून २०२३ मध्ये टायटॅनिकच्या अवशेषांकडे निघालेल्या ‘टायटन’चा मुख्य भाग कार्बन फायबरचा नळकांड्याच्या आकाराचा होता. हा पदार्थ ताणाला मजबूत असतो, पण सतत चहूबाजूंनी दाबले जाणे हे त्याच्यासाठी वेगळेच काम आहे. त्या यानाची स्वतंत्र संस्थेकडून प्रमाणित तपासणीही करून घेतलेली नव्हती. दाबाखाली ते यान चिरडले आणि आतली पाचही माणसे दगावली. त्या बातमीने मला कित्येक दिवस अस्वस्थ केले.

आता आपल्याकडे चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था तिघांसाठी ‘मत्स्य ६०००’ हे यान घडवते आहे. मध्य हिंदी महासागराच्या तळाशी मँगनीज, निकेल, कोबाल्ट आणि तांबे असलेले बटाट्याएवढे गोटे पसरलेले आहेत आणि त्यांच्या शोधासाठी ७५ हजार चौरस किलोमीटरचे क्षेत्र भारताकडे आहे. यानाचा गोळा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाड आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन भारतीय फ्रान्सच्या यानातून अटलांटिकमध्ये, एक ४ हजार तर दुसरा ५ हजार मीटरपर्यंत जाऊनही आला.

‘मत्स्य’ची बातमी आली की मी सहा हजार मीटर हा आकडा ओलांडून दुसराच शोधतो. नेहमीची बुडी १२ तासांची आणि आणीबाणीत तिघांना जगवण्याची सोय ९६ तासांची, असे त्या आराखड्यात नमूद आहे. वडिलांना हे वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी विचारले, “आन् दोर?” मग मी त्यांना छर्ऱ्यांची गोष्ट सांगितली.