पुरावा कुणी द्यायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. राज्यशास्त्र शिकवत होते तेव्हा विद्यार्थी विचारायचे, आता नात्यातले, ओळखीतले विचारतात: उदारमतवादी आणि परंपरावादी यांच्यात नेमका फरक काय? आणि लगेच पुढचा प्रश्न, तुम्ही स्वतः कुठल्या बाजूच्या? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तर ठरलेलं असतं. कुणाला वाटतं, एक बाजू पुढं पाहणारी आणि दुसरी मागं खेचणारी. कुणाला वाटतं, एकांना आपल्या माणसांची चाड आहे आणि दुसऱ्यांना नाही. या दोन्ही उत्तरांनी माझं कधी समाधान झालं नाही, कारण ती देणारा आधीच एका बाजूला जाऊन बसलेला असतो.

माझ्या मते खरा फरक एका जागी आहे. चालत आलेली एखादी व्यवस्था बदलावी की नाही यावर वाद पडला, तर पुरावा कुणी द्यायचा? उदारमतवादी माणूस व्यवस्थेला जाब विचारतो: माणसाच्या आयुष्यावर तुझी सत्ता चालते ती कशाच्या जोरावर? धड उत्तर नसेल तर बाजूला हो. परंपरावादी माणूस बदल मागणाऱ्याला विचारतो: जे आहे त्यावर इतक्या लोकांचं आयुष्य उभं आहे, तू म्हणतोस ते त्याहून बरं ठरेल हे कशावरून? खात्री नसेल तर हात लावू नकोस. माणसाच्या बुद्धीवर किती भरवसा ठेवायचा, व्यक्ती मोठी की समाज, अधिकारापुढं मान झुकवायची की त्याच्याकडं संशयानं पाहायचं, हे बाकीचे फरक याच एका मुद्द्याला फुटलेले फाटे आहेत असं मला इतक्या वर्षांनंतर वाटतं.

वर्गात हा विषय मी एका प्रश्नानं सुरू करायचे. एक नियम शंभर वर्षं चालत आलाय. तो का केला हे आज कुणालाच सांगता येत नाही. ठेवायचा की काढायचा? वर्गाचे दोन तट पडायचे. काढा म्हणणारे म्हणायचे, ज्याचं कारणच सांगता येत नाही तो नियम कसला? ठेवा म्हणणारे म्हणायचे, कारण आपल्याला माहीत नाही म्हणजे कारण नव्हतंच असं कसं? मग मी म्हणायचे, समजा हा नियम फक्त तुम्हाला लागू आहे, शेजारी बसलेल्याला नाही. आता? ठेवा म्हणणारे काही हात खाली यायचे. समजा नियम काढला आणि काही बिघडलं, तर ते पुन्हा जोडता येणार नाही. आता? काढा म्हणणाऱ्यांतले काही घुटमळायचे. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, कारण शोधायला किती दिवस द्यायचे ते आधी सांगा." वर्ग हसला, मला मात्र त्या प्रश्नानं विचारात पाडलं. 'आधी समजून घ्या' हे परंपरावाद्यांचं म्हणणं मला पटतं. पण कुठवर थांबायचं, हे ते क्वचितच सांगतात.

त्यांचं म्हणणं का पटतं, ते फ्रान्सच्या राज्यक्रांतीतल्या एका गोष्टीवरून सांगते. १७९३ साली क्रांतिकारी सरकारनं नवं कॅलेंडर लागू केलं. सात दिवसांचा आठवडा गेला आणि दहा दिवसांचा आला. पूर्ण सुट्टी दहाव्या दिवशी. दिवसाचे तास दहा, तासाची मिनिटं शंभर, मिनिटाचे सेकंद शंभर. कागदावर ही रचना जुन्यापेक्षा कितीतरी सुबक होती. आकडेमोडीला सोपी आणि कुठल्याही धर्माला न बांधलेली. पण पूर्वी सहा दिवस राबून विसावा मिळणाऱ्या मजुराला आता नऊ दिवस राबायचं होतं, आणि रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या बाईला रविवारच उरला नव्हता. दशमान घड्याळाची सक्ती ७ एप्रिल १७९५च्या कायद्यानं थांबवली गेली. कॅलेंडर कसंबसं आणखी काही वर्षं टिकलं आणि १ जानेवारी १८०६ पासून जुनं परत आलं.

आता गंमत पाहा. दशमान घड्याळ ज्या कायद्यानं थांबवलं, त्याच कायद्यानं मीटर, लिटर आणि ग्रॅम आणले. बदल करणारी माणसं तीच, तर्कही तोच, सगळं दहाच्या पटीत. पण मीटर आज जवळजवळ सगळ्या जगात चालतो. असं का झालं? मला वाटतं, फरक मागणीत होता. फ्रान्समध्ये मापं गावागणिक वेगळी होती, जमीनदार आपल्या सोयीच्या मापानं धान्य मोजून घ्यायचा, आणि १७८९ साली लोकांनी राजाकडं ज्या तक्रारी लिहून पाठवल्या त्यांत सगळीकडं एकच माप असावं ही मागणी पुन्हा पुन्हा आलेली आहे. आठवड्याचे दिवस बदलून द्या असं कुणी मागितलं नव्हतं. आणि लोकांनी मागितलेला मीटरसुद्धा लगेच रुजला नाही. १८१२ साली नेपोलियनला किरकोळ व्यवहारात जुन्या नावांची मापं पुन्हा चालू द्यावी लागली, आणि पूर्ण सक्ती झाली ती १८४० पासून. ज्याला सुधारणा करायची आहे त्यानं हा धडा परंपरावाद्यांकडून घ्यायलाच हवा. सवयीला वेळ लागतो, आणि ज्यांच्या अंगावर बदल येणार त्यांना विचारलं नाही तर सुबक योजनाही मातीत जाते.

परंपरावादी विचाराचा मूळपुरुष मानला जातो तो ब्रिटिश संसदेतला एडमंड बर्क. क्रांतीला जेमतेम वर्ष झालेलं, राजा अजून गादीवर होता, तेव्हा १७९० साली त्यानं लिहिलं की सगळ्या जुन्या संस्था मोडल्या की शेवटी सत्ता एखाद्या लोकप्रिय सेनापतीच्या हातात जाईल. १७९९ साली नेपोलियननं सत्ता घेतली. बर्क ते पाहायला नव्हता, १७९७ सालीच वारला. पण बर्कचं मोठेपण मला या भाकितात वाटत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर ब्रिटिश संसदेत महाभियोग चालवणारा बर्क मला अधिक मोलाचा वाटतो. १७८८ साली खटला उभा राहिला तेव्हा त्यानं आरोप मांडले आणि १७९५ साली हेस्टिंग्ज निर्दोष सुटेपर्यंत तो मागं हटला नाही. त्याचं म्हणणं असं की हिंदुस्थानातल्या समाजाला त्याचे स्वतःचे कायदे, हक्क आणि रिवाज आहेत आणि कंपनीनं ते पैशासाठी पायदळी तुडवले. युरोपात जे पाप ते आशियात पाप नाही, अशी भूगोलाप्रमाणं बदलणारी नीती त्याला मान्य नव्हती.

याच्या शेजारी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलला ठेवा. दुसऱ्याला इजा होत नसेल तर माणसाच्या आयुष्यात सरकारनं आणि समाजानंही ढवळाढवळ करू नये, हे उदारमतवादाचं सूत्र त्यानं १८५९ साली 'ऑन लिबर्टी' या ग्रंथात इतकं स्वच्छ मांडलं की आजही त्याच्यापासूनच सुरुवात करावी लागते. १८६७ साली ब्रिटिश संसदेत मताधिकाराच्या विधेयकात 'पुरुष' या शब्दाऐवजी 'व्यक्ती' हा शब्द घाला अशी दुरुस्ती त्यानं मांडली. ती फेटाळली गेली, पण बाजूनं ७३ मतं पडली, आणि त्या काळात ती थोडी नव्हती. मात्र हाच मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, आणि 'ऑन लिबर्टी'तच त्यानं लिहून ठेवलं आहे की मागासलेल्या समाजांना हे स्वातंत्र्य लागू नाही. त्यांच्या सुधारणेसाठी असेल तर त्यांच्यावर हुकूमशाही चालवणंही रास्त आहे.

कंपनीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं परंपरावाद्यानं, आणि तिच्या कारभाराचे कागद लिहिले उदारमतवाद्यानं. म्हणून कुणी मला म्हणालं की अमुक बाजू मुळातच माणुसकीची, तर मी मान डोलावत नाही. जे चालत आलंय त्याचा मान राखणाऱ्या बर्कला परक्या समाजातलं चालत आलेलंही दिसलं. सगळं बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहणाऱ्या मिलला मात्र आपली बुद्धी हीच सगळ्यांची कसोटी वाटली. उदारमतवाद्यांची ही खोड अजून गेलेली नाही. ज्यांच्या भल्यासाठी बोलतो त्यांचंच म्हणणं कानाआड करायचं, हे मी आमच्याकडच्या लोकांत फार पाहिलंय. 'आमच्याकडच्या' म्हटलं, म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलंच.

पक्षांवरून हा फरक समजून घ्यायला जाऊ नये, हेही सांगून टाकते. पक्ष निवडणूक जिंकायला निघालेले असतात. जर्मनीत कामगारांसाठी सक्तीचा आजारपणाचा विमा १८८३ साली आणला तो तिथला चान्सलर बिस्मार्क यानं, आणि त्याला कुणी उदारमतवादी म्हणणार नाही. समाजवाद्यांकडं वळणारे कामगार राज्याशी बांधलेले राहावेत हा त्याचा हेतू होता. जे आहे ते टिकवायचं तर थोडं बदलावं लागतं, हे हुशार परंपरावाद्यांना नेहमीच ठाऊक असतं.

मग मी उदारमतवादी का? स्वित्झर्लंडमुळं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण ते उदाहरण माझ्या मनातून जात नाही. स्त्रियांना मताधिकार द्यायचा का, यावर तिथं १ फेब्रुवारी १९५९ रोजी देशभर मतदान झालं. मतं अर्थातच फक्त पुरुषांची. सुमारे दोन तृतीयांश पुरुष नको म्हणाले. देशपातळीवर हा हक्क मिळाला तो १९७१ साली. आणि आपेन्झेल इनररोडन नावाच्या छोट्याशा राज्यात राज्यापुरत्या मतदानाचा हक्क त्यानंतरही नाही. तिथं एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सगळे मतदार चौकात जमतात, हात वर करून कायदे मंजूर करतात आणि कारभारी निवडतात. ही प्रथा कित्येक शतकांची. पुरुष कमरेला तलवार लावून येतात, अनेकदा ती बापाकडून मुलाकडं आलेली असते, आणि तीच मतदार असल्याची खूण. लोकशाहीचं इतकं जुनं आणि जिवंत रूप जगात फार थोड्या ठिकाणी उरलंय. ते जपावंसं वाटणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण एप्रिल १९९० मध्येसुद्धा त्या चौकातल्या हातांनी बायकांना आत घ्यायला नकार दिला. शेवटी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि १९९१ साली बायका चौकात आल्या.

प्रथा मोडली का? नाही. ती सभा आजही भरते. पुरुष तलवार लावून येतात, बायका मतदार कार्ड दाखवतात. पण परंपरावादी मित्र मला लगेच शेजारचं आपेन्झेल आउसररोडन दाखवतात, आणि त्यांचा तो हक्क आहे. तिथं १९८९ साली सभेनं स्वतःच बायकांना आत घेतलं आणि १९९७ साली ती सभाच बंद झाली. एक झालं म्हणून दुसरं झालं असं मी म्हणणार नाही. पण समजा, तसंच झालं असतं तरी? अर्ध्या माणसांना बाहेर ठेवूनच जी गोष्ट टिकते ती टिकवायची किंमत कोण मोजत होतं? बाहेर उभ्या असलेल्या बायकाच ना. 'थोडं थांबा' हे बहुतेक वेळा आत बसलेला माणूस बाहेरच्याला सांगतो. पुरावा कुणी द्यायचा या प्रश्नावर मी उदारमतवाद्यांच्या बाजूला जाते ती याच ठिकाणी. ज्याच्या गळ्याला फास आहे त्यानं आधी फास वाईट असल्याचं सिद्ध करावं, हे मला कधीच पटलेलं नाही.

मात्र सगळीकडं मी अशी नाही. कुणी कुणाशी लग्न करावं, काय मानावं, काय बोलावं, कुठलं काम करावं, इथं मी पूर्ण उदारमतवादी आहे. पण न्यायालयं, निवडणुकीचे नियम, संविधान बदलायची पद्धत, सत्तेला जाब विचारायची सभागृहातली रीत, इथं मी परंपरावाद्यांइतकीच हट्टी आहे. या गोष्टी बसायला पिढ्या जातात आणि मोडायला एक बहुमत पुरतं. चांगल्या कामाच्या आड येतात म्हणून त्या वाकवू पाहणारा माणूस माझ्या विचाराचा असला तरी मी त्याला पुरावा मागते, आणि मागताना जराही संकोच करत नाही.

माझे परंपरावादी मित्र यावर एक आक्षेप घेतात आणि तो खरा आहे: बदल पचेल की नाही, हे बदल करण्याआधी कळतच नाही. कबूल. म्हणून आधी एका ठिकाणी करून पाहावं, शेजाऱ्यांनी त्यावरून शिकावं. १ फेब्रुवारी १९५९ रोजी, ज्या दिवशी देशानं नकार दिला त्याच दिवशी, स्वित्झर्लंडमधल्या व्हो राज्यातल्या पुरुषांनी आपल्या राज्यापुरता बायकांना मताधिकार दिला होता. लोझान शहर त्याच राज्यातलं. तिथल्या बायका मतदान करू लागल्या, राज्याचा कारभार चालू राहिला, घरं मोडली नाहीत. तरीही देशाला होकार द्यायला बारा वर्षं लागली आणि इनररोडनला न्यायालयानं भाग पाडेपर्यंत एकतीस. एवढ्या वर्षांत आणखी कुठला पुरावा यायचा बाकी होता, हे मी त्यांना दर वेळी विचारते.