डबल बेल, नॅशव्हिल

अटलांटा ते नॅशव्हिल सुमारे 400 किलोमीटर. चॅटानूगाच्या पुढे हायवे थोडा वेळ परत जॉर्जियात शिरतो, मग पुन्हा टेनेसीत येतो आणि तिथे घड्याळ एक तास मागे जातं. माँटइगलचा घाट चढताना ट्रकांच्या मागे गाडी सावकाश चालली होती. मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेली गिटार आरशात दिसत होती. सोमवारी संध्याकाळी ब्लूबर्ड कॅफेच्या ओपन माइकला, म्हणजे कोणीही नाव देऊन गावं अशा कार्यक्रमाला, माझं नाव होतं, आणि रविवारी सकाळीच माझी बोटं गार पडली होती.

मी सांगलीची. तेरा वर्षांची असताना गल्लीतल्या गणपतीपुढे अभंग म्हणायला उभी राहिले. पट्टी काळी चार, पेटीवर गुरुजी, समोर सगळी ओळखीची माणसं. पहिलं कडवं झालं आणि दुसऱ्याचा पहिला शब्दच आठवेना. गुरुजींनी ती ओळ पेटीवर दोनदा वाजवून दाखवली. तरी नाही. मांडवात सगळं शांत झालं, माइकची घूं घूं तेवढी ऐकू येत होती. कोणी हसलं नाही, कोणी रागावलं नाही. आईने हात धरून खाली आणलं. पण त्या शांततेची जी धास्ती बसली ती पुढे चोवीस वर्षं उतरली नाही. गाणं सोडलं नाही मी. स्वयंपाकघरात गायले, गाडीत गायले, मुलीला झोपवताना गायले. चार माणसं समोर बसली की मात्र गळा कोरडा.

कंट्री या अमेरिकन गाण्याची गोडी गाडीतच लागली. कामावर जाता-येता रेडिओ लावायचा आणि तीन-चार मिनिटांत एक अख्खा माणूस डोळ्यांपुढे उभा राहायचा: शेत विकायला निघालेला बाप, रात्रपाळी करणारी आई, गाव सोडून गेलेला भाऊ. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांत माहेर असंच यायचं, साध्या शब्दांत, एकेका माणसाचं नाव घेऊन. हार्लन हॉवर्ड या गीतकाराने कंट्रीची व्याख्या ‘तीन कॉर्ड आणि सत्य’ अशी केली होती. तीन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांचे तीन गुच्छ, मला येत होते. सत्य म्हणजे काय लिहायचं, याचा फार विचार करावा लागला नाही. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. जतकडची मुक्कामी गाडी, काखेत चामड्याची बॅग, हातात तिकिटांचा ट्रे आणि पंचची टिकटिक. गाणं इंग्रजीत लिहिलं, पण बाबा त्यात तसेच राहिले.

नॅशव्हिलच्या ब्रॉडवेवर सकाळपासून गाणं सुरू असतं. एका बारमधलं गाणं संपायच्या आत शेजारच्या बारमधलं कानावर येतं. बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं, बँडसमोर बादली नाही तर बरणी ठेवलेली असते आणि लोक तिच्यात नोटा टाकतात. मी एका कोपऱ्यात तासभर उभी होते. कोणीतरी फर्माईश केली आणि गायकाने मागे वळून वादकांना बोटं दाखवली: एक, चार, पाच. पुन्हा एक. ना कागद, ना सराव, आणि चौघे एकदम सुरू.

याला नॅशव्हिल नंबर सिस्टिम म्हणतात. 1950 च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूज यांनी ती बसवली, पुढे चार्ली मॅकॉय आणि इतर स्टुडिओ वादकांनी ती वाढवली. कॉर्डचं नाव लिहायचं नाही, सप्तकातला त्याचा आकडा लिहायचा. गायकाची पट्टी बदलली तरी आकडे तेच राहतात. मला हे कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. एक म्हणजे सा, चार म्हणजे म, पाच म्हणजे प. सा कुठेही धरा, बाकीचे आपापल्या जागी येतात, हे गुरुजींनी मला आठव्या वर्षी शिकवलं होतं. त्या गोंगाटात उभं राहून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

मग रायमन ऑडिटोरियमला गेले आणि तो धीर गेला. 1892 साली उघडलेली ही लाल विटांची वास्तू मुळात धर्मसभांसाठी बांधलेली. आत अजून चर्चसारखे लाकडी बाक आहेत, 2362 माणसं बसतील एवढे. ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओवरचा कार्यक्रम 1943 ते 1974 इथून व्हायचा. तो नव्या थिएटरात गेला तेव्हा इथल्या रंगमंचाचा सहा फुटी गोल तुकडा कापून नव्या रंगमंचात बसवला. आजही तिथला गायक त्याच लाकडावर उभा राहून गातो. रायमन बघायला येणाऱ्यांना रंगमंचावर माइकपाशी उभं राहून फोटो काढून घेता येतो. मी उभी राहिले. समोर रिकामे बाक, आवाज नाही. मांडवातली शांतता जशीच्या तशी परत आली. गायचं नव्हतं, नुसतं हसून फोटो काढायचा होता, तरी पोटऱ्या थरथरायला लागल्या.

सोमवारी सकाळी कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये वेळ काढला. तिथे डीफोर्ड बेली यांच्या सन्मानफलकासमोर मी फार वेळ थांबले. ऑप्रीच्या पहिल्या काळातला हा लोकप्रिय कृष्णवर्णीय कलाकार. लहानपणी पोलिओ झालेला, अंगकाठी किरकोळ, वाद्य खिशात मावेल एवढं: हार्मोनिका. पॅन अमेरिकन नावाच्या रेल्वेगाडीचा आवाज ते हार्मोनिकावर असा काढायचे की ऐकणाऱ्याला गाडी येताना आणि जातानाही दिसावी. 1927 मध्ये ज्या रात्री निवेदकाने ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव उच्चारलं, त्या रात्री ही रेल्वेचीच धून वाजवली गेली होती. 1941 मध्ये त्यांना कार्यक्रमातून काढलं आणि पुढे त्यांनी याच शहरात बूटपॉलिशचं दुकान चालवलं. हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव आलं ते 2005 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. मला याचा राग येतो, अजून येतो. पण त्या फलकासमोर उभी असताना माझ्या कानात मात्र गाडीच वाजत होती. त्यांची रेल्वे, आणि मग आमची एसटी. कंडक्टर वरची दोरी ओढतो. एकदा ओढली की गाडी थांबते. दोनदा ओढली, डबल दिली, की निघते.

ब्लूबर्ड कॅफे शहराच्या झगमगाटापासून लांब, ग्रीन हिल्समधल्या दुकानांच्या एका साध्या रांगेत आहे. एमी कर्लंड यांनी तो 1982 मध्ये सुरू केला. जेमतेम नव्वद खुर्च्या. गार्थ ब्रुक्स आणि टेलर स्विफ्ट यांना रेकॉर्ड कंपन्यांच्या माणसांनी इथेच गाताना ऐकलं होतं. पण या जागेची खरी ख्याती तिथल्या शांततेची. गाणं चालू असताना बोलायचं नाही, बोललात तर कोणीतरी ‘शूऽऽ’ करतं. म्हणजे जिला घाबरून मी चोवीस वर्षं पळत होते, तिच्याचसाठी लोक इथे लांबून येतात.

आत जायच्या आधी गाडीच्या काचा लावून दहा मिनिटं खर्ज लावला. श्वास खाली उतरला. बोटं गारच होती. कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा चाप, गिटारच्या पहिल्या घरात, बोटं जी कॉर्डच्या आकारात, म्हणजे माझी काळी चार.

माझ्या आधी एक म्हातारे गृहस्थ गायले. त्यांचा आवाज ठिकठिकाणी फाटत होता. तरी एकही चमचा वाजला नाही. मी त्यांच्याकडे बघायचं सोडून ऐकणाऱ्यांकडे बघत बसले. माणसं पुढे वाकली होती. एका बाईने ओठांपाशी नेलेला ग्लास तसाच धरून ठेवला होता. शब्द अडला तर थांबू, असंच सगळ्यांचं बसणं होतं. माझ्या गल्लीतले लोकही त्या रात्री तसेच थांबले असतील का? गुरुजी तर थांबलेच होते, ओळ दोनदा वाजवून.

नाव पुकारलं. माइकपाशी गेले, आणि सगळं शांत झालं. गळा कोरडा, गुडघे हलतायत. मग गिटारच्या लाकडावर बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवलं. टक् टक्. आणि निघाले.

दुसऱ्या कडव्याचा पहिला शब्द आला. आवाज एका ठिकाणी कापला, तो तसाच जाऊ दिला. शेवटच्या ओळीत बाबा रात्री कंदिलापाशी बसून चिल्लर मोजतात. ती ओळ संपल्यावर एक क्षण कोणीच टाळी वाजवली नाही. तो क्षण मला हवासा वाटला.

बाहेर आले तेव्हा पावणेआठ वाजले होते, सांगलीत सकाळचे सव्वासहा. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने माझ्या फोनवर केलेलं रेकॉर्डिंग मी बाबांना पाठवलं. बाबांना इंग्रजी गाणं कितपत कळेल कोण जाणे. अर्ध्या तासाने फोन आला. पाठीमागे आईचा कुकर वाजत होता.

“तीनदा ऐकलं,” बाबा म्हणाले. मग थोडा वेळ काहीच नाही. मीही बोलले नाही.

“डबल बरोबर दिलीस पोरी. दोन्हीत अंतर बरोबर आहे.”